थैलीतला रुपया कुठे जातो?

पांढुर्ण्याच्या बाजारात उभे राहून विचारा, गणपतीचा मंडप कशावर उभा राहतो, तर शेंबडे पोरही सांगेल की वर्गणीवर. पावतीपुस्तक घेऊन मुले दुकानोदुकानी हिंडतात. कोणी एकशे एक दिले आणि कोणी शटर ओढून घेतले हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालेले असते. जामसावळीच्या मारुतीला लोक नवस फेडायला जातात आणि जमेल ते दानपेटीत टाकतात, त्याचेही कोडे कोणाला पडत नाही. चर्चचे मात्र पडते. समजा तीस-चाळीस घरांची लहानशी मंडळी आहे. तिथे कोणी पावती फाडताना दिसत नाही, तिकीट नाही, पालिकेचे अनुदान नाही. तरी पाळकाचा पगार होतो, विजेचे बिल भरले जाते, पावसाळ्याआधी छपराची कौले चाळून होतात आणि नाताळला रोषणाईही लागते. मग पैसा येतो कुठून? चहाच्या टपरीवर याचे उत्तर ठरलेले असते, "बाहेरून येतो."

एके काळी हे उत्तर बऱ्याच अंशी खरे होते. आज पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या एखाद्या लहान मंडळीचा रोजचा गाडा कसा चालतो हे समजून घ्यायचे तर विलायतेकडे बघून फारसे हाती लागत नाही. रविवारी सकाळी बाकांवर बसलेल्या माणसांच्या खिशाकडे, संत्र्याच्या बहाराकडे आणि एका साध्या हिशेबाच्या वहीकडे बघावे लागते.

बुरुजाचा खर्च

ख्रिस्ती माणूस स्वतःला येशूचा शिष्य म्हणवतो. शिष्यत्व म्हणजे प्रार्थना, बायबलचे वाचन, चांगले वागणे, असे बाहेरच्याला वाटते आणि ते खोटे नाही. पण लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडला तर थोडी गंमत दिसते. मागे गर्दी चाललेली आहे, येशू वळतो आणि शिष्य व्हायचे तर काय काय सोडावे लागेल ते सांगू लागतो. तिथेच तो उदाहरण देतो बांधकामाचे. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्च मोजतो. मोजला नाही तर पाया घालून काम अडते आणि येणारे-जाणारे हसतात. पुढे सोळाव्या अध्यायात एक कारभारी येतो. त्याने धन्याची मालमत्ता उधळलेली आहे आणि धनी म्हणतो, हिशेब दे.

म्हणजे शिष्यत्वाचा विषय निघाला की वही-खाते फार लांब नसते. यामागची समजूत सरळ आहे: माझ्याकडे जे आहे ते माझे नव्हे, देवाने सांभाळायला दिलेले आहे. मी मालक नसून कारभारी आहे आणि कधी ना कधी मला जाब द्यायचा आहे. या जाणिवेने वागणे म्हणजे कारभारीपण. त्यात पैसा येतो, तसा वेळ येतो, अंगातला हुन्नरही येतो. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खिडक्या उघडणारा, सतरंज्या झटकणारी, तबल्याला बसणारा, आठवड्याची एकुलती सुट्टी रविवारच्या शाळेतल्या पोरांवर खर्चणारी शिक्षिका, ही सगळी त्या अर्थाने देणगीदारच.

उपदेशात मात्र पैशाचाच विषय जास्त निघतो. कारण उघड आहे, पैसा मोजता येतो. बायकांनी वर्षभरात किती वेळा चर्च झाडले, किती आजाऱ्यांकडे डबे पोचवले, हे कुठल्या वार्षिक अहवालात छापून येत नाही. माझ्या मते त्या अहवालांतली ही सगळ्यांत मोठी गळती आहे.

रविवारी टेबलाभोवती

उपासनेत अर्पणाचे गीत सुरू झाले की थैली फिरते. काही चर्चमध्ये ताट असते, पण थैलीची सोय वेगळी आहे. मूठ आत जाते आणि मोकळी होऊन बाहेर येते. शेजाऱ्याने दहा टाकले की पाचशे, कोणाला कळत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, त्याची ही कापडात शिवलेली व्यवस्था.

पण बऱ्याच मंडळ्यांत याच थैलीत नंबर घातलेली पाकिटेही पडतात. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक दिलेला असतो आणि महिन्याचे ठरलेले दान त्या पाकिटातून येते. मग गुपित कुठे राहिले? इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. शेजाऱ्यापासून झाकायचे आहे आणि खजिनदाराला दाखवायचेही आहे. क्रमांकाने दोन्ही साधते. वर्षाअखेरीस जी यादी लागते तीत नाव नसते, आकडा असतो: सतरा क्रमांक, वर्षाचे एकूण इतके. सतरा क्रमांकाचे घर आपले दान वहीत नीट चढले की नाही ते ताडून बघते, आणि बाकीच्यांना सतरा म्हणजे कोण ते ठाऊक नसते. (लहान गावात ते ठाऊक नसते असे म्हणायचे, एवढेच.)

उपासना संपली की खरे काम सुरू होते. आतल्या खोलीत टेबलावर थैली उलटी होते. नाण्यांची एक रास, चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटांची दुसरी. कोणीतरी नोटा मांडीवर ताणून सरळ करतो, दुसरा दहा-दहाच्या गड्ड्या लावतो. एखादी चिकटपट्टी लावलेली नोट निघते, तीही मोजायची. पाकिटे फोडली की क्रमांकासमोर रक्कम लिहायची. एकाने मोजलेले दुसऱ्याने पुन्हा मोजायचे, वहीत एकूण आकडा अक्षरी लिहायचा, दोघांनी सह्या करायच्या आणि सोमवारी बँकेत भरणा. एकट्याने मोजायचे नाही हा यातला मुख्य नियम आहे. नीट चाललेल्या मंडळीत पाळकाच्या हाती रोकड ठेवत नाहीत. तो भरवशाचा नाही म्हणून नव्हे, त्याच्यावर कोणाला बोट दाखवता येऊ नये म्हणून.

हा नियम कुठल्या ऑडिटरने आणलेला नाही. इसवी सन ५५ च्या सुमारास पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रे लिहिली. तो तेव्हा ग्रीक शहरांतून वर्गणी गोळा करत होता, ती यरुशलेमच्या गरिबांसाठी. त्याने त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. पैसे पोचवायला माणसे तुम्हीच निवडा. आणि एवढी मोठी रक्कम हाताळताना आमच्यावर ठपका येऊ नये म्हणून सोबत मंडळ्यांनी नेमलेला माणूस राहील. दर आठवड्याला, मिळकतीच्या प्रमाणात, एकापेक्षा जास्त डोळ्यांसमोर: आजची मंडळी याहून फारसे वेगळे करत नाही.

मोजलेली रक्कम एका ढिगात राहत नाही. आपल्याकडे आई डाळीच्या डब्यात फीचे पैसे ठेवते, तांदळाच्या डब्यात बिलाचे आणि वरच्या फळीवरच्या एका डब्यात भावकीतल्या लग्नाच्या आहेराचे. पैसे सगळे घरातलेच, पण एका डब्यातले दुसऱ्या कामाला काढायचे तर मन खाते. मंडळीचे निधी तसेच असतात. पाळकाचा पगार, इमारत, गरिबांना मदत, रविवारची शाळा, प्रचारकार्य, अशी वेगवेगळी खाती. ज्याने इमारतीसाठी म्हणून दिले त्याचे पैसे नाताळच्या जेवणावर खर्च करता येत नाहीत. मंडळ्यांमधल्या भांडणांच्या मुळाशी गेले तर चोरीपेक्षा ही उसनवारीच जास्त वेळा सापडते: "पुढच्या महिन्यात भरून टाकू" म्हणून काढलेले आणि परत न गेलेले पैसे.

यातला एक वाटा वरही जातो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया किंवा लूथरन चर्चसारख्या रचनेत गावातली मंडळी एकटी नसते, ती एका मोठ्या संस्थेचा भाग असते. आपल्या उत्पन्नातून ती ठरलेला हिस्सा वर पाठवते आणि पाळकांच्या नेमणुका-बदल्या वरून होतात. फायदा असा की वीस घरांच्या खेड्यालाही पाळक मिळतो, तोटा असा की आपला पैसा कुठे गेला हे खेड्याला दिसत नाही. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळ्यांनी याची विभागणी स्पष्ट करून टाकली आहे. दशमांश सगळा वरच्या विभागीय कचेरीकडे जातो आणि त्यातून पाळकांचे पगार होतात. दिवाबत्तीचा खर्च त्याशिवायच्या दानातून. कॅथलिक चर्चमध्ये दशमांशाची सक्ती नाही, पण १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक पॅरिशला स्वतःची वित्त समिती असावीच लागते आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा लागतो. स्वतंत्र घरगुती मंडळ्यांत वर पाठवायला कोणी नसते. तिथे पैशाचा रस्ता सगळ्यांत छोटा, आणि तपासायलाही कोणी नसते.

संत्र्याचा दहावा हिस्सा

आता दशमांशाकडे, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाकडे. ऐकायला याहून सोपे काही नाही. पण सौंसरच्या बाजूला हिशेबाला बसले की ते अवघड होते.

बोरगावच्या कारखान्यात महिना १५,००० पगार असलेला माणूस १,५०० पाकिटात घालतो, विषय संपला. त्याच्याच बाकावर संत्र्याचा बगीचा असलेला शेतकरी बसलेला आहे. त्याचा पैसा महिन्याला येत नाही. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. बहुतेक वेळा व्यापारी झाडावरच बगीचा ठरवतो, इसार देतो आणि तोडणीला उरलेले पैसे देतो, कधी वेळेवर, कधी नाही. समजा, बगीचा ३ लाखांना गेला. खत, फवारणी, पाणी, मजुरी मिळून १ लाख ८० हजार खर्च झाले होते. हाती उरले १ लाख २० हजार. आता दहावा हिस्सा कशाचा? विक्रीचा धरला तर ३०,००० होतात, म्हणजे हातात उरलेल्या पैशाचा चौथा भाग. नफ्याचा धरला तर १२,०००. आणि दुसऱ्यांच्या बगीच्यात तोडणीला जाणारी मजूर बाई तिसऱ्या बाकावर आहे. तिच्या मजुरीतला दहावा भाग म्हणजे संध्याकाळच्या तेला-मिठातला वाटा. टक्का तिघांना एकच, ओझे मात्र तिघांचे तीन तऱ्हांचे.

जुन्या करारात दशमांश होता तो धान्य, द्राक्षारस, तेल आणि जनावरे यांचा. त्यातही एक बारकावा सहसा उपदेशात येत नाही. अनुवाद या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायला सांगितला आहे, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून. लेवीय पुस्तकात शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेली कणसे गोळा करायची नाहीत, ती गरिबांसाठी सोडायची, असा नियम आहे. म्हणजे गरिबाला देणारा म्हणून धरण्याआधी त्याला घेण्याचा हक्क होता. नव्या करारात तर दहा टक्क्यांची आज्ञाच नाही. ज्याने जसे मनात ठरवले तसे द्यावे, कुरकुरत किंवा भीड पडली म्हणून देऊ नये, असे पौल म्हणतो. म्हणून काही मंडळ्या दशमांश हा नियम मानतात, काही नमुना मानतात. मला वाटते, हिशेबाला सोपा म्हणून हा आकडा टिकला; पगारदाराला तो किमान धरायला हरकत नाही, तोडणीच्या मजुराला सक्तीने लावू नये.

खजिनदाराची खरी कसोटी वेगळीच आहे. खर्च बारा महिने सारखा आणि जमा मात्र दोन हंगामांत. नोव्हेंबर-डिसेंबरात थैली जड असते. जुलैपासून पोळ्यापर्यंत ती रिकामीच फिरते, कारण शाळेची फी, खते आणि घरचे सण एकदम अंगावर आलेले असतात. म्हणून शहाणी मंडळी संकल्पपत्र भरून घेते: येत्या वर्षी आम्ही साधारण इतके देऊ. त्यावरून अंदाजपत्रक बसते. पण फेब्रुवारी-मार्चात गारपिटीने मृगाची फळे गेली तर तो संकल्प कागदावरच राहतो, आणि देवाला वचन देऊन मोडले असे त्या घराला वाटत राहते ते वेगळेच. अनुभवी खजिनदार संकल्पाच्या बेरजेवर विसंबत नाही. मागच्या चार-पाच वर्षांतले सर्वांत पडेल वर्ष धरून तो खर्च बसवतो आणि निदान तीन महिन्यांचा पगार बाजूला काढून ठेवतो.

एका कोहळ्याची तीनदा विक्री

शेतीच्या गावात पैशाऐवजी माल देण्याची जुनी रीत आहे, आणि ती पाहायची तर कापणीच्या सणाला जावे. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, संत्र्याच्या टोपल्या, कोहळे, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडीही येते. प्रार्थना होते आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव. बोली लावणारा जो कोणी असेल तो हजरजबाबी असावा लागतो. वीस रुपयांची दोन अंडी दीडशेला जातात. कोहळा तीनशेला सुटतो, घेणारा तो उचलत नाही, "पुन्हा लावा" म्हणतो. तो दुसऱ्यांदा विकला जातो, तिसऱ्यांदाही, आणि शेवटी पाळकाच्या स्वयंपाकघरात पोचतो.

यात हशा-मस्करी खूप, पण रचना मोठी हुशार आहे. हातात रोकड नसलेल्या बाईने परसातली दोन अंडी आणली. पगारदाराने ती दीडशेला घेतली. दान दोघांचे झाले, आणि वहीत दीडशे चढले ते तिच्या अंड्यांमुळे. मार्कच्या शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा येते आणि येशू तिचे दान सगळ्यांत मोठे ठरवतो. लिलाव त्या दोन दमड्यांना बाजारातला भावही मिळवून देतो. खटकणारी बाजूही आहे. बोली उघड असते, थैलीतली गुप्तता इथे नाही, आणि दोन घरांची चुरस लागली की कोहळ्याचा भाव भक्तीच्या पलीकडे जातो.

मूठभर धान्याची रीतही अशीच. मिझोराममधल्या चर्चच्या बायकांनी १९१० पासून एक नेम चालवला आहे: स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी त्यातली एक मूठ मंडळीसाठी वेगळी काढायची. तिथल्या चर्चच्या जमाखर्चात ही मूठ आजही ठळक रक्कम असते. आपल्याकडे हे नवीन वाटायचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुले जगवली ती मुष्टिफंडावर, घरोघरच्या बायकांनी जात्यापाशी काढून ठेवलेल्या मुठीवर.

┌──────────────
चौकट: थैली ते बँक
रविवारी थैलीत सुटे दान आणि क्रमांकाची पाकिटे पडतात. उपासनेनंतर किमान दोघे मोजतात, वहीत अक्षरी रक्कम लिहून सह्या करतात. सोमवारी भरणा होतो. रक्कम पगार, इमारत, मदत अशा खात्यांत विभागली जाते. मोठ्या संस्थेशी जोडलेली मंडळी ठरलेला हिस्सा वर पाठवते. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत हिशेब वाचला जातो आणि सभासदांना प्रश्न विचारता येतात. सभेत कोणी प्रश्नच विचारत नसेल तर वही चांगली आहे असे समजू नये.
└──────────────

परक्या पैशाची जुनी खटपट

"बाहेरून येतो" हा समज कुठून आला, तेही पाहायला हवे. पांढुर्णा-सौंसर हा भाग दोन मिशनांच्या मधोमध पडतो. दक्षिणेला नागपुरात स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. उत्तरेकडून स्वीडनच्या लूथरन मिशनने १८७७ पासून मध्य प्रांतात काम मांडले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या लूथरन चर्चचे मुख्यालय आजही छिंदवाड्यात आहे. शाळा, दवाखाने, बंगले, पगार, सगळे सुरुवातीला परदेशी पैशातून. पगार मिशनचा, तेव्हा शब्दही मिशनचा, हे ओघाने आलेच.

हे बरे नाही, असे म्हणणारे मिशनमध्येच होते. अमेरिकन मिशनचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे असे की मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि प्रसारही स्वतः करावा. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन याच काळात हेच मांडत होते. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८५४ मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक आपला झाला, पण पगार आपला व्हायला पुढे पिढ्या गेल्या. दुष्काळ पडला की मंडळीची थैली आधी आटते, हे त्यामागचे साधे कारण.

ही ओढाताण एका घरात बघायची तर नारायण वामन टिळकांच्या घरात बघावी. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, मिशनची नोकरी अनेक वर्षे केली आणि १९१७ मध्ये ती सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. मिशनच्या पगारावर ख्रिस्ताची सेवा हे त्यांना शेवटी पटेना. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घर चालवायचे, आलेल्यागेलेल्याचे करायचे, ते पत्नी लक्ष्मीबाईंनी, आणि त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेल्याला हे सांगायला नको. टिळक शिष्य म्हणून मोठे. कारभारी मात्र त्या घरात लक्ष्मीबाईच होत्या. मंडळीला ही दोन्ही माणसे लागतात, आणि ती एकाच कातडीत क्वचित सापडतात.

पंडिता रमाबाईंमध्ये ती सापडली. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या शारदा सदनाला दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती. ती मुदत संपण्याआधीच त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली, उद्या हमी संपली तर घरचे उत्पन्न असावे म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात फिरल्या, शेकडो मुली घेऊन आल्या आणि त्याच केडगावच्या शेतावर मुक्तिसदन उभे राहिले. तिथे विणकाम, छापखाना, शेती अशी कामे मुलीच करत. मदत परदेशातून येतच राहिली, पण रमाबाई तिच्यावर हातपाय पसरून बसल्या नाहीत.

पुढे राजकारणानेही हाच विषय हाती घेतला. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ मध्ये सरकारने उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीची समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि चर्चवाल्यांना तो अजिबात आवडला नाही. पण त्यातली एक शिफारस अशी होती की भारतातल्या चर्चनी परदेशी मदतीवर अवलंबून नसलेले एक संयुक्त, स्वतंत्र चर्च उभे करावे. त्याच्या शंभर वर्षे आधी अँडरसन जवळपास हेच सांगत होते. एक मित्र म्हणून, दुसरे टीकाकार म्हणून. दोघांनी बोट ठेवले ते एकाच जागेवर.

आज कायद्याने तो रस्ता बराच अरुंद केला आहे. परदेशी देणगीचा पहिला कायदा १९७६ चा, आताचा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासनावर त्यातला २० टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही, आणि एका संस्थेने घेतलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. मोठ्या संस्थेने घेऊन गावच्या लहान मंडळीला वाटायचे, ही सोय तिथे संपली.

जमीन कोणाच्या नावावर

रोकडीपेक्षा अवघड कारभार जमिनीचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. माणसे एक झाली, प्रार्थना एक झाली. सातबारा मात्र भजनाने बदलत नाही. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की नोंदणी झालेल्या संस्थेचे विसर्जन आणि तिच्या ट्रस्टच्या मालमत्तेचे हस्तांतर कायद्याच्या पायऱ्यांनीच व्हायला हवे, नुसता विलीनीकरणाचा ठराव पुरेसा नाही. त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका पवित्र दिवसाची कागदपत्रे पुरी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या भागात यात सीमेची भर पडते. १९५६ मध्ये नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे वरूड किंवा काटोलची मंडळी धर्मादाय आयुक्तांच्या दारात उभी राहते आणि चार गावे ओलांडून पांढुर्ण्याच्या मंडळीला लागतो तो मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा. त्याच्या व्याख्येत मंदिर, मठ, मशीद यांच्याबरोबर चर्चही नाव घेऊन आले आहे. इथे निबंधक असतो जिल्हाधिकारी. त्याच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, दीर्घ मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पूर्वी ज्या कागदासाठी छिंदवाड्याची वारी करावी लागे त्याची कचेरी आता जवळ आली. मंडळीच्या पंचांनी या निमित्ताने तरी जुनी ट्रंक उघडून मूळ कागद कोणाच्या नावाचे आहेत ते बघावे.

आयकराचे थोडक्यात: १९६१ च्या कायद्यात निनावी देणग्यांवर कर बसवणारे कलम २००६ मध्ये आले, पण निव्वळ धार्मिक न्यास त्यातून वगळले गेले. थैलीतल्या सुट्या पैशाला दात्याचे नाव नसते, तरी त्यावर कर लागत नाही तो त्यामुळे. उलट दात्याला चर्चला दिलेल्या दानावर आयकराची सवलत सहसा मिळत नाही. कर वाचवायला म्हणून इथे कोणी देत नाही, एवढे त्यातून नक्की निघते.

आता क्यूआर

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि पाठोपाठ चर्चच्या दारातही चौकोनी कोड चिकटला. हिशेबाच्या दृष्टीने हे वरदानच आहे. पैसा थेट बँकेत, मोजदाद नाही, नोट फाटकी निघायची भीती नाही. पण खजिनदाराच्या मोबाइलवर नाव, वेळ आणि रक्कम तिन्ही उमटतात, म्हणजे मखमलीच्या थैलीने झाकलेले सगळे उघडे पडते. दुकानात रक्कम मोठ्याने ओरडणारा तो डबा वेदीजवळ कोणी आणून ठेवला नाही, हीच देवाची कृपा. एक गोष्ट मात्र लगेच तपासून घ्यावी: कोड मंडळीच्या खात्याचा आहे की पाळकाच्या खासगी नंबरचा. खासगी असेल तर टेबलाभोवती बसून दोघांनी मोजायची ती पद्धत एका कागदाच्या चौकोनाने निकालात काढली असे समजायचे, मग पाळक कितीही देवमाणूस असो.

दुसरा पेच पोरांचा आहे. पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने जवळ, सौंसरहूनही आता मोठ्या रुळाची गाडी आहे. शिकलेली मुले नागपूर-पुण्याला नोकरीला जातात, रविवारी तिथल्या चर्चमध्ये बसतात. इथल्या वहीत मात्र त्यांचा क्रमांक घरच्या पाकिटात अजून चालूच असतो. दोन खजिनदार एकाच पगाराचा दशमांश आपापल्या अंदाजपत्रकात धरून बसतात. जिथे आठवड्याला पोट भरते तिथे द्यावे, असे एक म्हणणे. ज्या मंडळीने रविवारच्या शाळेत घडवले तिला विसरू नये, असे दुसरे. मला विचाराल तर नेमाचे दान नागपूरला द्यावे, तिथलाही दिवा जळतोच. कापणीच्या सणाला घरी आले की मात्र कोहळ्यावर बोली लावताना हात आखडता घेऊ नये.